एक वाटी साखर आणि एक वेल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एप्रिल सरत आला की घरोघरच्या मागच्या अंगणात एक बाटली टांगली जाते. खाली तांबडी बशी, बशीवर प्लॅस्टिकची चार-पाच फुलं, प्रत्येक फुलाच्या मधोमध बारीक भोक आणि आत साखरपाणी. न्यू जर्सीतल्या, व्हर्जिनियातल्या मराठी घरांच्या डेकवरही ती दिसते. बाटली टांगली की हमिंगबर्ड येतो, आपण खिडकीतून पाहतो, मुलांना हाक मारून दाखवतो आणि या पाखराला आपण जेवू घातलं असं मनाशी म्हणतो. हे समाधान खरं आहे, पण अर्धंच. साखरपाणी हा पाहुणचार झाला. पाखराचा संसार चालतो तो फुलांवर, झाडांवर आणि आपण अंगणातून हाकलायला बघतो त्या चिलटांवर आणि कोळ्यांवर. हमिंगबर्ड ज्याला मनापासून हवा आहे त्याने बाटली जरूर टांगावी आणि नीट सांभाळावी, पण हौस, वेळ आणि पैसा खर्चायचा तो मातीत.

आधी पाखराचं शरीर समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं. हमिंगबर्डचं कुळ फक्त अमेरिका खंडांतलं. अलास्कापासून दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगोपर्यंत त्याच्या ३५० हून अधिक जाती आहेत आणि सर्वांत मोठी दाटी अँडीज पर्वतात, कोलंबिया-इक्वेडोरच्या भागात. भारतात एकही नाही. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला नेमाने घरटं करणारी जात एकच, रूबी-थ्रोटेड. नावाप्रमाणे नराच्या गळ्यावर माणकाचा तुकडा असतो, पण तो रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असल्यामुळे पाखरू जरा वळलं की गळा काळा दिसतो. वजन ३ ग्रॅमच्या आसपास, अमेरिकी एका सेंटच्या नाण्यापेक्षा जेमतेम जास्त. पंखांची फडफड सेकंदाला सुमारे ५० वेळा, उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजारावर. या भट्टीला सतत इंधन लागतं. रोज आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर पोटात जावी लागते. रात्री खाणं बंद, म्हणून थंड रात्री हमिंगबर्ड शरीराचं तापमान उतरवून, ठोके मंद करून जवळजवळ निपचित होतो आणि पहाटे पुन्हा शरीर तापवून जागा होतो. शरद ऋतूत हाच जीव अंगावर चरबी चढवून वजन दुपटीच्या घरात नेतो आणि त्यातले कित्येक मेक्सिकोच्या आखातावरून ८०० किलोमीटर न थांबता उडून जातात. असं हिशेबी आयुष्य जगणाऱ्याला खाऊ घालायचं, तर आपल्यालाही हिशेब कळायला हवा.

बाटलीचा हिशेब सोपा आहे. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. पाक करायचा नाही, एकतारी तर मुळीच नाही. साखर नुसती पूर्ण विरघळली पाहिजे. हे प्रमाण कुणी अंदाजपंचे ठरवलेलं नाही. हमिंगबर्डच्या भरवशावर राहणाऱ्या फुलांचा मधुरस साधारण इतपतच गोड असतो आणि त्यात मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर असते. मराठी घरात इथे एक प्रश्न हमखास येतो: पांढरी साखर वाईट, मग गूळ किंवा मध का नको? आपल्यासाठी हा विचार ठीक असेल, पाखरासाठी तो घातक आहे. गुळाचं कौतुक आपण त्यातल्या लोहासाठी करतो, तर फुलांच्या मधुरसात लोह जवळपास नसतंच. जास्तीचं लोह यकृतात साचून होणारा विकार बंदिवासातल्या हमिंगबर्डमध्ये नोंदलेला आहे, त्यामुळे गूळ, काकवी आणि तपकिरी साखर तिन्ही वर्ज्य. मध पाण्यात कालवला की लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. लाल रंग घालायचीही गरज नाही, बाटलीची तांबडी बशी पुरेशी ठळक असते. राहिली मधुमेह्यांसाठी मिळणारी गोडव्याची पावडर. पक्ष्यांकडे गोड चव ओळखणारा नेहमीचा ग्राहीच नाही. उत्क्रांतीत त्यांच्या पूर्वजांनी तो गमावला. २०१४ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं, की हमिंगबर्डच्या पूर्वजांनी मांसाहारी चव ओळखणारा ग्राही बदलून त्याच्याकडून साखर ओळखायचं काम करून घेतलं. हा ग्राही अशा पावडरीतल्या ॲस्पार्टेमला फसत नाही, ते घातलेलं पाणी हमिंगबर्ड चाखून सोडून देतो. ज्यात ऊर्जा नाही ते त्याला नकोच.

तो पितो कसा, हेही जवळून बघण्यासारखं आहे. दीडशेहून अधिक वर्षं अशी समजूत होती की त्याची जीभ म्हणजे बारीक नळी आणि रस तिच्यात आपोआप चढतो, वातीत तेल चढतं तसा. २०११ साली अलेहान्द्रो रिको-ग्वेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा या संशोधकांनी अतिवेगवान चित्रीकरण करून ही समजूत मोडली. जिभेचं टोक दुभंगलेलं असतं आणि दोन्ही शाखांच्या कडांना झालर असते. रसात शिरताच शाखा फाकतात आणि झालर उलगडते. जीभ मागे ओढली जाताना झालर मिटते आणि मुठीत धरावा तसा रस आत अडकतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडतं. आता या जिभेसमोर तीन दिवसांचं, उन्हात तापलेलं, आंबूस पाणी ठेवलं तर काय होईल याचा विचार करावा. २०१९ साली कॅलिफोर्नियात झालेल्या अभ्यासात आढळलं, की बाटलीतल्या पाण्यातले जिवाणू आणि बुरशी फुलांच्या मधुरसातल्यांपेक्षा वेगळ्या असतात. त्यातले बहुतेक पाखरांना रोग करणारे नसावेत असं संशोधकांना वाटलं, ही दिलाशाची गोष्ट. पण त्यावर विसंबून आळस करू नये. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी, थंडाव्यात चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं, पाणी गढूळ दिसलं तर लगेच, आणि प्रत्येक वेळी बाटली गरम पाण्याने, ब्रशने घासायची. काळी बुरशी फुलांच्या भोकांत आणि झाकणाच्या आट्यांत आधी बसते. ज्याला एवढं जमणार नाही त्याने बाटली न टांगणंच पाखरावर उपकार ठरेल.

एवढं करूनही साखर ती साखर. ती पोटात जाते आणि पंख हलवते, पण अंगी लागत नाही. पिसं, स्नायू, अंड्याचा बलक यांतलं काही साखरेतून तयार होत नाही. त्याला प्रथिनं लागतात आणि ती हमिंगबर्डला मिळतात चिलटं, मावा, बारीक माश्या आणि कोळ्यांपासून. तो ती हवेत गिरकी घेऊन पकडतो, पानाखालून टिपतो, कोळ्याच्या जाळ्यातूनही उचलतो. घरट्यातली दोन पिल्लं तर मुख्यतः या किड्यांवरच वाढतात. मादी एकटी पिल्लं सांभाळते, नर मदतीला येत नाही. ती किडे आणि मधुरस पोटात एकत्र करून पिल्लाच्या घशात चोच खोल घालून भरवते. वालाच्या दाण्याएवढ्या अंड्यातून निघालेलं उघडं पिल्लू तीन आठवड्यांत उडायला लागतं, तेवढं शरीर त्या किड्यांनी बांधलेलं असतं. घरटंही पाहावं. अर्ध्या अक्रोडाएवढी वाटी, आत वनस्पतींचा मऊ कापूस, बाहेरून दगडफुलाच्या तुकड्यांचं आवरण, त्यामुळे ती फांदीवरची गाठच वाटते. आणि हे सगळं बांधून ठेवतो कोळ्याच्या जाळ्याचा धागा. तो ताणतो, म्हणून पिल्लं मोठी होतात तशी वाटीही रुंदावते. अंगणात महिन्याला कीटकनाशक मारून, कोपरान्‌कोपरा झाडून मग बाटली टांगणारा माणूस पाखराला पाणी देतो, पण त्याच्या घराची वीट आणि पिल्लांचा घास काढून घेतो. कंपनीकडून मच्छरांसाठी झाडांवर फवारणी करून घेण्याची पद्धत उपनगरांत रुळली आहे. डास कमी करायचे तर कुंड्यांच्या बशांतलं, गटारीतलं साचलेलं पाणी काढावं. फवारा डास आणि चिलट यांत फरक करत नाही. उलट पिकून काळी पडलेली केळ्याची साल अंगणाच्या कोपऱ्यात टांगली तर तिच्यावर फळमाश्या जमतात आणि हमिंगबर्ड त्यांच्यावर येतो. हा घास साखरपाण्यापेक्षा मोलाचा आहे.

आता फुलांकडे येऊ, कारण खरी मेजवानी तिथे आहे. हमिंगबर्डसाठी घडलेलं फूल ओळखू येतं: लांब नळी, बहुधा तांबडा किंवा नारिंगी रंग, वास जवळजवळ नाही, बसायला पाकळीचा ओटा नाही. मधमाश्यांना तांबडा रंग नीट दिसत नाही, त्या वासावर येतात आणि त्यांना टेकायला जागा लागते. म्हणजे हे फूल माशीला दार लावून पाखरासाठी उघडं ठेवतं. पूर्व अमेरिकेत अशा देशी फुलांची जणू वेळापत्रकानुसार साखळी आहे. वसंतात कोलंबाइन आणि ट्रम्पेट हनीसकल, उन्हाळ्यात बी बाम आणि ट्रम्पेट क्रीपर, पावसाळी ओलीच्या जागी कार्डिनल फ्लॉवर आणि ऑगस्टपासून थंडी पडेपर्यंत ज्युएलवीड. चित्रकार ऑड्युबॉनने रूबी-थ्रोटेडचं चित्र काढताना त्याला ट्रम्पेट क्रीपरच्याच फुलांत दाखवलं, ते उगाच नाही. ज्युएलवीडवर जरा थांबावंसं वाटतं, कारण ते आपल्या तेरड्याच्या सख्ख्या नात्यातलं, त्याच प्रजातीगटातलं आहे. नारिंगी, तपकिरी ठिपक्यांचं फूल केसासारख्या देठावर लोंबतं, मागे वळलेल्या शेपटीत मधुरस असतो. पाखरू चोच घालतं तेव्हा फूल झुलतं आणि त्याचे परागकोश बरोबर कपाळावर टेकतात. शेंग पिकली की तेरड्यासारखीच बोट लागताच फुटते आणि बिया उडवते, म्हणून एकदा रुजलं की दर वर्षी आपोआप उगवतं. याचा बहर आणि हमिंगबर्डचा परतीचा प्रवास एकाच वेळी येतात. दक्षिणेला निघालेलं पाखरू चरबी चढवायला त्याच्यावरच थांबतं. बाजारातली दिखाऊ, दुहेरी पाकळ्यांची फुलं मात्र कितीही तांबडी असली तरी त्यांत मधुरस नावालाच असतो, त्यामुळे नुसत्या रंगाला भुलू नये. जपानी हनीसकल तर टाळावंच. हमिंगबर्ड त्याच्यावरही येतो, पण ते कुंपण ओलांडून जंगलात शिरतं आणि देशी झाडं गुदमरवतं.

झाडांचं महत्त्व फुलांपुरतंही संपत नाही. वसंतात सर्वांत आधी पोचणाऱ्या पाखरांना फुलं मिळायच्या आधीच काही आठवडे काढावे लागतात. तेव्हा सॅपसकर नावाचा सुतार पक्षी झाडाच्या सालीला ओळीने बारीक भोकं पाडतो, त्यांतून गोड रस पाझरतो आणि हमिंगबर्ड तो पितो, त्याला चिकटलेले किडेही खातो. म्हणजे जुनं, टोचा पडलेलं मॅपल किंवा बर्चचं झाड हासुद्धा फीडरच आहे, आणि असं झाड सौंदर्याच्या नावाखाली तोडलं तर त्याची भरपाई दहा बाटल्यांनी होत नाही. शिवाय झाड बसायला जागा देतं. हमिंगबर्ड सतत उडताना दिसला तरी दिवसाचा मोठा भाग तो एखाद्या निष्पर्ण काटकीवर बसलेला असतो, आणि तिथूनच आपल्या फुलांवर नजर ठेवतो. बाटली एकच असेल तर एखादा दांडगा नर तिच्यावर हक्क सांगून बाकीच्यांना पळवून लावतो. फुलांचे ताटवे अंगणभर विखुरलेले असतील तर एकट्याला ते राखता येत नाहीत आणि सगळ्यांच्या वाट्याला काही येतं. बाटल्याच टांगायच्या तर एकमेकींच्या नजरेआड, घराच्या दोन बाजूंना टांगाव्यात.

याउलट काही जण म्हणतात, बाटली मुळातच नको. निसर्गात हात घालू नये, पाखरू आळशी होईल, थंडी आली तरी स्थलांतर विसरेल. स्थलांतराची भीती निराधार आहे. निघायची वेळ पाखराला दिवसाची लांबी सांगते. समोर भरलेली बाटली असतानाही रूबी-थ्रोटेड सप्टेंबरात निघून जातो. शेवटचं पाखरू दिसल्यानंतरही आठ-पंधरा दिवस बाटली ठेवली तर उत्तरेकडून मागाहून येणाऱ्या, पहिल्यांदाच प्रवासाला निघालेल्या पिल्लांना आधार होतो. आळशीपणाचंही तसंच. हमिंगबर्डची स्मृती विलक्षण आहे. कॅनडाच्या रॉकी पर्वतांत रूफस हमिंगबर्डवर प्रयोग झाला, तेव्हा काही कृत्रिम फुलं दहा मिनिटांनी आणि काही वीस मिनिटांनी पुन्हा भरत होती. पाखरांनी कुठलं फूल केव्हा भरतं ते शिकून घेतलं आणि त्या बेताने ती परत येऊ लागली. असा जीव एका बाटलीच्या भरवशावर बसत नाही. ती त्याच्या फेरीतली एक जागा असते, आणि तुम्ही गावाला गेलात तर तो बाकीच्या जागांकडे वळतो, अर्थात त्या जागा शिल्लक असतील तर.

तरीही हात घालण्याबद्दलची शंका अगदीच फोल नाही, आणि ॲनाज हमिंगबर्डची गोष्ट ती गांभीर्याने घ्यायला लावते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात दक्षिण कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापुरती होती. आज ती सिॲटलमध्ये आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात हिवाळाभर दिसते. २०१७ साली कॉर्नेलच्या पक्षीशास्त्र केंद्राच्या फीडरवॉच उपक्रमातल्या नोंदींवरून संशोधकांनी दाखवून दिलं, की हा विस्तार शहरं आणि साखरपाण्याच्या बाटल्या यांच्याशी निगडित आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढचं पाऊल टाकलं: संग्रहालयांतले जुने नमुने तपासल्यावर या पाखराची चोच काही पिढ्यांत लांब आणि निमुळती होत गेल्याचं आढळलं, आणि त्याचाही संबंध बाटल्यांशी जोडला गेला. म्हणजे आपला पाहुणचार पाखराचं शरीर बदलू शकतो. यावरून बाटल्या बंद कराव्यात असं मला वाटत नाही. जिथे पाखरू बाटलीमुळेच हिवाळ्यात थांबलं आहे, तिथे ती अचानक काढून घेणं क्रूरपणा होईल. सिॲटलमधल्या गोठवणाऱ्या पहाटे रात्रभर निपचित राहिलेल्या ॲनाज हमिंगबर्डला उजाडताच साखर लागते, आणि ज्याने त्याला सवय लावली त्याने बाटली रात्री घरात घेऊन पहाटेआधी बाहेर टांगावीच. पण याच पुराव्यातून दुसरी गोष्टही निघते. नुसती बाटली मोठी केली की बाटलीवर जगू शकणारी एखादी जात फोफावते. रूफस हमिंगबर्डचं तसं नाही, तो अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत जातो. त्याला वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर कुरणं, झुडुपं आणि किडे लागतात. त्याची संख्या घटते आहे आणि २०१८ पासून तो आंतरराष्ट्रीय यादीत धोक्याच्या उंबरठ्यावरचा म्हणून नोंदलेला आहे. त्याला साखरेच्या पुड्यांनी वाचवता येणार नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं, हा रास्त प्रश्न आहे. मोठ्या कुंडीत ट्रम्पेट हनीसकलची वेल कठड्यावर चढते, सॅल्व्हियाची दोन रोपं कुंडीतही फुलतात, आणि दहा मजले खालचा परिसर फुलांचा नसला तरी स्थलांतराच्या दिवसांत पाखरू थांबू शकतं. बाल्कनीत बाटली लावायचीच तर काचेपासून हातभर अंतरात किंवा मग चांगली दूर लावावी. मधल्या अंतरावरून उडालेलं पाखरू काचेवर वेगाने आदळतं. मांजर उडी मारू शकेल अशा उंचीवर लावू नये. बाटलीवर खंडोबाचा घोडा येऊन बसला असेल तर त्याला उचलून दूरच्या झाडावर ठेवावं, कारण हा किडा हमिंगबर्डला पकडून खाऊ शकतो आणि तशा नोंदी अमेरिकेत बऱ्याच आहेत. नर्सरीतून रोप आणताना मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: याला निओनिकोटिनॉइड दिलं आहे का? हे कीटकनाशक झाडाच्या रसातून मधुरसात उतरतं. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर ते रोप घेऊ नये.

हाच न्याय इकडे महाराष्ट्रातही लागू पडतो. आपल्याकडचा शिंजीर पक्षी हमिंगबर्डच्या कुळातला नाही, पण मधुरसावर जगण्याची तशीच रीत त्याने स्वतंत्रपणे कमावली आहे, आणि पिल्लांना तोही किडे आणि कोळीच भरवतो. त्याचं लोंबतं घरटंही कोळ्याच्या जाळ्यानेच बांधलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत कुंपणाला लावलेलं हमेलिया फ्लोरिडापासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचं झुडूप. तिकडे त्याच्यावर हमिंगबर्ड येतो, इकडे शिंजीर येतो. साखरपाण्याच्या परदेशी बाटल्या हल्ली आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. त्या घेण्याआधी सोसायटीच्या आवारात पांगारा, पळस किंवा अडुळसा लावता येईल का ते पाहावं आणि फवारणीच्या ठरावाला विरोध करावा. अमेरिकेतल्या वाचकांना मात्र तारखेची गोष्ट लक्षात ठेवायला हवी: रूबी-थ्रोटेड न्यू जर्सीत पोचतो साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात, आणि त्याच्यासाठीची वेल आदल्या शरद ऋतूतच लावलेली बरी.